एलजीएसएफचं कोटेशन हातात आलंय? आधी हे शब्द समजून घ्या

एलजीएसएफ म्हणजे लाइट गेज स्टील फ्रेम, पातळ पोलादी पत्र्याच्या सांगाड्याचं बांधकाम. त्याच्या कोटेशनमध्ये नुसतं 'चॅनल' असं लिहिलेलं असेल तर सही करू नका. आमच्या सांगलीजवळच्या कुपवाडच्या कुठल्याही लोखंडाच्या यार्डात ह्या एका शब्दाचे तीन अर्थ निघतात. एक भट्टीत लाल करून रोलमधनं काढलेला जाड चॅनल, दुसरा कॉइलच्या पत्र्याचा लिप (आत वळलेली कड) असलेला सी, आणि तिसरा लिप नसलेला ट्रॅक. मी सुरवातीला फोनवर "चॅनल पाठवा" एवढंच सांगितलं होतं, ट्रॅक आला, पोरांनी तोच परलीन (छताच्या पत्र्याखालचा आडवा आधार) म्हणून टाकला, आणि पत्रा चढवायला माणूस वर गेला तसा तो ट्रॅक पायाखाली पिळला. चूक माझीच, माल परत न्यायचं भाडं पण माझंच.

आता चुलतभावाला विश्रामबागेत गच्चीवर खोली काढायचीय, त्याला समजावताना जे सांगितलं तेच इथं लिहितो.

कोल्ड फॉर्म म्हणजे काय, तर पत्रा गरम न करता नेहमीच्या तापमानालाच वाकवायचा. कॉइल येते, तिच्या पट्ट्या कापतात त्याला स्लिटिंग म्हणायचं, मग ती पट्टी रोलर्समधनं जाता जाता हळूहळू घडी पडत सी होऊन बाहेर येते, हे रोल फॉर्मिंग. पत्रा पातळ, साधारण पाऊण ते दीड-दोन मिलिमीटर, म्हणून त्याला लाइट गेज म्हणतात आणि सगळ्या सिस्टिमला एलजीएसएफ. ह्याचा भारतीय कोड आयएस ८०१, १९७५ चा.

घरात एखादी जुनी लग्नपत्रिका असेल तर घ्या. सपाट पत्रिका दोन हातात धरून दाबली तर लगेच वाकते. आता दोन्ही बाजू उभ्या दुमडा. मधला रुंद भाग म्हणजे वेब, उभ्या बाजू म्हणजे फ्लँज, हा झाला ट्रॅक. परत दाबून बघा, आता फ्लँजच्या कडा फाकतात. त्या कडा बोटभर आत दुमडा, ती लिप. आता कडा फाकत नाहीत. कागद तोच, जाडी तीच, ताकद सगळी घडीत. म्हणूनच प्लंबरनं पाईप न्यायला ग्राइंडरनं लिप कापली तर तो स्टड (भिंतीतला उभा सी) तिथं परत बिनालिपचा झाला. पाईप-वायरसाठी वेबमध्ये मशिननं आधीच भोकं पाडून येतात, त्यांना सर्व्हिस होल म्हणतात, तिथनंच न्यायचं.

भिंतीचे शब्द सोपे आहेत. उभा सी तो स्टड, खाली आणि वर आडवा ट्रॅक. स्टडच्या मधोमध आडवा तुकडा तो नॉगिंग, स्टड पिळू नये म्हणून. दार-खिडकीवर आडवा येतो तो हेडर, त्याला टेकू देणारा जॅक स्टड, शेजारचा पूर्ण उंचीचा किंग स्टड, आणि खिडकीच्या खाली-वर जे आखूड तुकडे ते क्रिपल. तिरकी पट्टी ती ब्रेसिंग, ती नसेल तर सगळी फ्रेम पत्त्याच्या घरासारखी एका बाजूला कलते. कोयनेचा १९६७ चा भूकंप आपल्या भागात म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतो, त्यामुळं पैसे वाचवायला ब्रेसिंग कमी करू नका.

खालच्या ट्रॅकबद्दल सांगलीकरांना वेगळं सांगतो. २०१९ आणि २०२१ ला ज्यांच्या घरात पाणी आलं त्यांना माहितीय की पुरानंतर कोपऱ्यात गाळ किती दिवस ओला राहतो. ट्रॅक म्हणजे ती पन्हाळच की हो. त्यामुळं तळमजल्यावर करत असाल तर ट्रॅक काँक्रीटच्या उंचवट्यावर घ्या, खाली ओल न येणारी पट्टी टाका आणि पूर आल्यावर आतनं धुता येईल अशी सोय ठेवा.

आता जाडी, इथं सगळ्यात जास्त फसवणूक होते. बीएमटी म्हणजे नुसत्या पोलादाची जाडी, टीसीटी म्हणजे जस्त आणि रंग धरून. कलर पत्रा ०.५० टीसीटी म्हणून विकला तर आत पोलाद ०.४५ च्या आसपास. कोटेशनमध्ये नुसतं ०.५० असेल तर विचारा, कुठलं? झेड २७५ म्हणजे दोन्ही बाजू मिळून एका चौरस मीटरवर २७५ ग्रॅम जस्त. जी ५५० म्हणजे पोलादाची ताकद ५५० मेगापास्कल, जाडीशी त्याचा संबंध नाही. मायक्रोमीटर नसेल तर किराणा दुकानातला काटा चालतो: १ मिलिमीटर पत्रा चौरस मीटरला ७.८५ किलो भरतो, म्हणजे १९० मिलिमीटर पट्टीचा एक मीटर सी जवळपास दीड किलो. तो १२०० ग्रॅम भरला तर तुम्हाला ०.८ दिलाय.

कैची म्हणजेच ट्रस. तिरके वरचे दोन हात टॉप चॉर्ड, खालचा आडवा बॉटम चॉर्ड, आतली जाळी ती वेब (सीच्या वेबशी घोळ घालू नका, शब्द एकच पण गोष्ट वेगळी). दोन्हीकडच्या टेकूमधलं अंतर स्पॅन, मधली उंची राइज, टोक म्हणजे एपेक्स, आणि त्यावरनं जाणारी रेघ रिज, म्हणजे आपलं आढं. भिंतीच्या बाहेर जाते ती ओव्हरहँग. स्पॅन २० फूट, राइज ४ फूट धरला तर अर्धा स्पॅन १०, टॉप चॉर्ड १० फूट ९ इंचाच्या जरा वर येतो, उतार साधारण २२ अंश. ओव्हरहँग ह्यात नाही, तो वेगळा धरा, नाहीतर पत्रा आखूड पडतो आणि सगळं पाणी भिंतीवर.

वेबचे तुकडे चॉर्डला जिथं मिळतात तो पॅनल पॉइंट. फॅन टांगायचा तर त्या पॉइंटजवळ. मधेच बॉटम चॉर्डला हूक मारला तर तो तिथं खाली झोळ देणार.

मे महिन्यात वळीव येतो तेव्हा पत्रे उडतात ते वजनानं नाही, वाऱ्याच्या उचलण्यानं, त्याला अपलिफ्ट म्हणतात. एरवी ताणात असणारा बॉटम चॉर्ड तेव्हा दाबात येतो आणि बाजूला वाकतो, म्हणून त्याला पण आडवं ब्रेसिंग लागतं, लोक फक्त वरच्यालाच करतात. कैची भिंतीला, भिंत ट्रॅकला, ट्रॅक अँकर बोल्टनं काँक्रीटला, ही साखळी कुठं तुटली नाही ना बघा. वाऱ्याचा हिशोब आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागावरनं करतात, तो इंजिनियरकडनं कागदावर घ्या.

आपल्याकडच्या वेल्डरला स्क्रूवर विश्वास नसतो, "एक टाका मारू का साहेब" म्हणतोच. नाही म्हणा. एवढ्या पातळ पत्र्याला भोक पडतं आणि जस्त जळून जातं, तिथनं गंज सुरू. सेल्फ ड्रिलिंग स्क्रू वापरायचा, पलीकडं निदान तीन आटे बाहेर दिसले पाहिजेत. मशिन जास्त दाबून स्क्रू जागच्या जागी फिरायला लागला तर पत्र्यातले आटे गेले, त्याच भोकात परत मारू नका, शेजारी नवा मारा. पत्र्याच्या स्क्रूला रबरी वॉशर हवा, आणि तो जरासाच दबला पाहिजे, चेपून बाहेर आला तर दोन उन्हाळ्यात चिरतो.

आणि संध्याकाळी काम थांबवताना पत्र्यावर पडलेला ड्रिलचा कीस झाडून घ्या, रात्रीत एक सर आली तरी सकाळी नव्या पत्र्यावर तांबडे ठिपके दिसतात, मग मालक म्हणतो पत्राच जुना दिला.