पासवर्ड बदलताना या चुका टाळा

मागे माझ्या मेलच्या खात्यात कुणीतरी शिरलं होतं. कळल्याबरोबर मी पासवर्ड बदलला, तोही चांगला लांबलचक, आणि निर्धास्त झालो. चार दिवसांनी सहज सेटिंग उघडलं तर काय, मला येणारा प्रत्येक मेल एका अनोळखी पत्त्यावर फॉरवर्ड होत होता. पुढच्या दाराचं कुलूप बदललं होतं, मागचं दार सताड उघडं होतं. तेव्हापासून कुणी ‘पासवर्ड बदलला, आता काळजी नाही’ असं म्हणालं की मला गप्प बसवत नाही.

एकच पासवर्ड सगळीकडे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीकडून सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले. ते जसेच्या तसे, वाचता येतील असे साठवलेले होते. त्यात सर्वाधिक वापरलेला पासवर्ड होता १२३४५६. अशा याद्या चोरांमध्ये फिरत राहतात. एका साईटवरून फुटलेला मेल पत्ता आणि पासवर्ड घेऊन प्रोग्रॅम इतर शेकडो साईटवर तीच जोडी लावून बघतो. तुमचा पासवर्ड कितीही अवघड असला तरी तो दोन ठिकाणी असेल, तर त्यातल्या ढिसाळ साईटइतकाच तो सुरक्षित. ‘मी शेवटचा आकडा बदलतो’ हे उत्तर मी फार ऐकतो. तो आकडा बदलून पाहायचं त्या प्रोग्रॅमलाही शिकवलेलं असतं.

म्हणून सुरुवात मेलच्या खात्यापासून करा. बाकी बहुतेक खात्यांचा ‘पासवर्ड विसरलात?’ तिथेच येऊन पोहोचतो.

नियम पाळले म्हणजे भक्कम झाला असं समजणं

एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह, आणि दर तीन महिन्यांनी बदल. या सवयीचं मूळ अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शिकेत आहे. ती लिहिणाऱ्या बिल बर यांनीच २०१७ मध्ये त्या सल्ल्याबद्दल खेद व्यक्त केला आणि त्याच वर्षी निस्टनेही भूमिका बदलली. कारण माणूस नियम पाळतो तो ठरावीकच रीतीने: पहिलं अक्षर कॅपिटल, ‘ए’ च्या जागी ॲटचं चिन्ह, शेवटी १२३. पासवर्ड फुटल्याची शंका आली की लगेच बदला. उगाच तारीख आली म्हणून नको.

खरी ताकद लांबीत असते. आठ लहान इंग्रजी अक्षरांच्या सुमारे २०,९०० कोटी जुळण्या होतात. आकडा प्रचंड वाटतो, पण साईटने पासवर्ड जुन्या, झटपट पद्धतीने सांकेतिक करून साठवले असतील तर एखादं ताकदवान ग्राफिक्स कार्ड या सगळ्या जुळण्या मिनिटाच्या आत तपासतं. प्रत्येक वाढीव अक्षराने हे काम २६ पटींनी वाढतं. मात्र ती अक्षरं कुठलाही क्रम नसलेली हवीत. गाण्याची ओळ किंवा म्हण नको.

अरनॉल्ड रेनहोल्ड यांनी १९९५ मध्ये मांडलेली फाशांची पद्धत मला आजही आवडते. पाच फासे टाकायचे, समजा ४-१-६-२-५ पडले, की ७,७७६ शब्दांच्या यादीत ज्या शब्दासमोर ४१६२५ छापलंय तो घ्यायचा. असे सहा शब्द. शब्द मनाने निवडायचे नाहीत, सगळी मेख तिथेच आहे. मराठी शब्द रोमन लिपीत लिहिणार असाल तर स्पेलिंग आधीच पक्कं करा: ‘मुंगूस’ मध्ये यू की डबल ओ, ‘ओसरी’ च्या शेवटी आय की डबल ई. आणि पासवर्ड थेट देवनागरीत ठेवू नका. ‘ऱ्य’ सारखं जोडाक्षर दोन कीबोर्डांवर वेगवेगळ्या संकेतांनी साठवलं जाऊ शकतं. डोळ्यांना तेच दिसतं, साईट मात्र ‘चुकीचा पासवर्ड’ म्हणते.

इतके पासवर्ड लक्षात राहणार नाहीत, ठेवूही नयेत. बिटवॉर्डन किंवा कीपाससारखा पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड कुलपात ठेवणारं ॲप, घ्या आणि त्याचा एकच मुख्य पासवर्ड फाशांनी बनवा. तो कागदावर लिहून घरात जपून ठेवायला माझी काहीच हरकत नाही.

नवा पासवर्ड चालत नाही तेव्हा

घाबरून पुन्हा रीसेट करू नका. आधी डोळ्याच्या खुणेवर टॅप करून काय टाइप झालंय ते बघा. मोबाइल बरेचदा पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करतो. कॉपी-पेस्ट केला असेल तर शेवटी एखादी मोकळी जागा चिकटलेली असते. ब्राउझरने साठवलेला जुनाच पासवर्ड भरला असण्याची शक्यताही मोठी. रीसेटचे तीन-चार मेल मागवले असतील तर सहसा शेवटच्याच मेलमधली लिंक चालते. आणि खातं सारखं लॉक होत असेल तर जुना टॅब किंवा दुसरा फोन शोधा. तो मागे बसून जुन्या पासवर्डने प्रयत्न करत असतो.

बदलून झाल्यावर तसंच सोडून देणं

मी इथेच चुकलो होतो. ‘सर्व डिव्हाइसवरून लॉग आउट’ करा, नाहीतर आत शिरलेला माणूस आतच राहू शकतो. फॉरवर्डिंग आणि फिल्टर तपासा, परवानगी दिलेली अनोळखी ॲप काढा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, चालू करा आणि फोन हरवला तर लागणारे त्याचे बॅकअप कोड कागदावर उतरवा, त्याच फोनमध्ये ठेवू नका. शेवटी रिकव्हरीचा मोबाइल नंबर बघा. बंद केलेला जुना नंबर तिथे असेल तर आजच काढा. असे नंबर काही काळाने दुसऱ्याला दिले जातात, आणि मग तुमचा ओटीपी त्याच्या फोनवर जातो.