आधी गाणं, मग रात्र, मग टेप: आवडत्या जॅम बँडचं बेस्ट लाइव्ह रेकॉर्डिंग कसं शोधायचं

जॅम बँड म्हणजे स्टेजवर गाणं मधेच मोकळं सोडून आयत्या वेळी सुचेल तसं वाढवत नेणारा बँड, आणि त्या मोकळ्या वाजवण्याला जॅम म्हणतात. त्यातल्या ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडने १९६५ ते १९९५ या तीस वर्षांत साधारण २३०० शो केले आणि त्यातल्या बहुतेकांची कुठली ना कुठली टेप आज नेटवर फुकट ऐकायला मिळते, फिश (Phish) हा दुसरा अमेरिकन बँड १९८३ पासून मधे दोनदा थांबून अजून वाजवतोय, आणि एवढ्या ढिगासमोर नवीन माणूस आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, बेस्ट शो कुठला? मग कोणीतरी त्याला दहा तारखा देतं, तो पहिली तारीख लावतो, पहिल्या तीन-चार गाण्यांत बँड अजून गरमच होत असतो, याला काही विशेष ऐकू येत नाही आणि यादी तिथेच राहते. हे मी इतक्या जणांचं होताना बघितलंय की आता कोणी विचारलं तर मी शोचं नावच सांगत नाही, मी विचारते तुला त्यांचं कुठलं गाणं आवडतं.

कारण सुरुवात गाण्यापासून करायची. जॅम बँडचं गाणं म्हणजे बंदिश तीच आणि मांडणी रोज वेगळी, आणि मांडणी वेगळी आहे हे कळायला बंदिश आधी कानात बसलेली लागते. म्हणून एकच गाणं घ्या, ज्यात मधे मोकळी जागा आहे असं, आणि ते चार-पाच वेगवेगळ्या वर्षांतलं ऐका. डेडचं 'डार्क स्टार' घेतलंत तर १९६९ चं एक, १९७२ चं एक, १९७४ चं एक आणि १९९० चं एक. चौथ्या वेळेपर्यंत तुम्हाला आपोआप कळतं की आपला कान कुठल्या वर्षाकडे ओढला जातोय, आणि ही माहिती कुठल्याही टॉप टेन यादीपेक्षा लाखमोलाची आहे.

चार-पाच व्हर्जन्स शोधायची कुठे? डेडसाठी हेडीव्हर्जन नावाची साइट आहे, तिथे प्रत्येक गाण्याच्या व्हर्जन्सना ऐकणाऱ्यांनी मतं दिलेली असतात. फिशसाठी फिश डॉट नेटवर जॅम चार्ट्स आहेत, त्यात कुठल्या तारखेला त्या गाण्यात काय वेगळं झालं ते दोन ओळीत लिहिलेलं असतं आणि ते लिहिणारी माणसं खरंच मन लावून ऐकणारी आहेत. फक्त एक करा, पहिल्या तीन नंबरांवर थांबू नका. मतं नेहमी गाजलेल्या शोकडेच जातात, गाजलेला शो जास्त लोक ऐकतात, मग अजून मतं, आणि आठव्या-दहाव्या नंबरावर एखादं असं व्हर्जन बसलेलं असतं की अंगावर काटा येतो.

कान कुठल्या काळाकडे जातो ते कळलं की त्या काळात बँडमधे कोण होतं ते बघा, कारण आवाज माणसांनी बदलतो. डेडमधे फेब्रुवारी १९७१ मधे दोन ड्रमरपैकी मिकी हार्ट बाहेर पडला आणि १९७४ च्या ऑक्टोबरपर्यंत एकच ड्रमर राहिला, त्यामुळे १९७२ ते ७४ चं वाजवणं हलकं आहे, क्षणात वळतं, जॅझच्या जवळ जातं. मग बँडने मोठी सुट्टी घेतली आणि १९७६ मधे दोन ड्रमर घेऊन परत आले तेव्हा ताल जड आणि घट्ट झाला, १९७७ च्या वसंतातले शो एवढे प्रेमाने ऐकले जातात त्यात या घट्टपणाचा मोठा वाटा आहे. कीबोर्डवाले बदलले तसा रंगही बदलला, कीथ गॉडशोचा पियानो १९७९ पर्यंत, मग ब्रेंट मिडलंडचा ऑर्गन १९९० पर्यंत. तुम्हाला पियानो आवडत असेल आणि तुम्ही १९८५ चे शो चाळत बसलात तर दोष बँडचा नाही. ऑलमन ब्रदर्स या आणखी एका बँडचं तर अजून सरळ आहे, त्यांचा गिटारवाला ड्वेन ऑलमन ऑक्टोबर १९७१ मधे वारला, म्हणजे त्याची स्लाइड गिटार हवी असेल तर शोध फार तर अडीच वर्षांचा.

आता रात्र. ज्या व्हर्जनने तुम्हाला धरून ठेवलं त्याच्या आजूबाजूच्या तारखा ऐका, आदल्या रात्रीची आणि दुसऱ्या रात्रीची. बँड फॉर्मात असतो तेव्हा तो आठवडाभर फॉर्मात असतो, एकाच रात्रीपुरता नाही, आणि हा माझ्या मते सगळ्यात कमी वापरला जाणारा मार्ग आहे. सगळे ८ मे १९७७ म्हणतात, कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमधला शो, ज्याची टेप लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०११ च्या नॅशनल रेकॉर्डिंग रजिस्ट्रीत घेतली, आणि तो शो आहेच तसा, पण त्याच्या आदल्या रात्री बोस्टनला आणि दुसऱ्या रात्री बफेलोला काय वाजवलं ते ऐकणारे त्यामानाने थोडेच. (तारखेवरून आठवलं, ही सगळी अमेरिकन पद्धत आहे, महिना आधी आणि दिवस नंतर, म्हणजे ५/८/७७ हा ऑगस्टचा शो नाही, मे महिन्याचा आहे. सुरुवातीला मी यात कितीदा चुकीची टेप ऐकत बसले.)

सेटलिस्ट, म्हणजे त्या रात्रीच्या गाण्यांची ओळीने यादी, वाचायला शिका. दोन गाण्यांच्या मधे > अशी खूण असेल तर बँड न थांबता एकातून दुसऱ्यात गेला, आणि बहुतेक वेळा खरं सोनं त्या खुणेत असतं. बार्टन हॉलच्या दुसऱ्या सेटची, म्हणजे मध्यंतरानंतरच्या भागाची, सुरुवात 'स्कार्लेट बिगोनियाज > फायर ऑन द माउंटन' अशी आहे, पंचवीसेक मिनिटांचा तुकडा. पहिलं गाणं संपत येतं, शब्द थांबतात, गिटार अजून जुन्याच गाण्यात फिरत असते, खाली बेस हळूच वेगळी चाल धरतो, ड्रम्स त्याच्याकडे झुकतात, आणि अचानक तुमच्या लक्षात येतं की आपण केव्हाच दुसऱ्या गाण्यात आलोय, पण नेमकं कुठे ओलांडलं तिथे बोट ठेवता येत नाही. मी तेवढी दोन मिनिटं हेडफोन लावून किती वेळा मागे नेली असतील, अजून सांगता येत नाही. म्हणून नवीन शो तपासताना पहिल्या गाण्यापासून ऐकू नका, दुसऱ्या सेटमधे जा, जिथे खुणा ओळीने लागल्यात तिथून ऐका. पंधरा मिनिटांत रात्रीचा अंदाज येतो, आवडली तर पूर्ण शो पहिल्यापासून.

आणि आता टेप, जिथे बहुतेक जण घसरतात, कारण चांगली रात्र आणि चांगलं रेकॉर्डिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंटरनेट अर्काइव्हच्या लाइव्ह म्युझिक अर्काइव्हमधे (२००२ पासून चालू आहे) एकाच रात्रीची पाच, सात, कधी डझनभर रेकॉर्डिंग असतात. रिलिसन नावाचं फुकट ॲप तिथलंच संगीत ओढतं आणि त्यात एका शोची सगळी सोर्सेस, म्हणजे वेगवेगळी रेकॉर्डिंग, एकाखाली एक दिसतात, फोनवर शोधायला ते सोपं.

मुख्य प्रकार तीन. साउंडबोर्ड, म्हणजे मिक्सरमधून थेट घेतलेलं. ऑडियन्स, म्हणजे प्रेक्षकांत माइक उभा करून घेतलेलं. आणि मॅट्रिक्स, म्हणजे दोन्ही मिसळलेलं. साउंडबोर्ड म्हणजे बेस्ट असं सगळे धरून चालतात आणि ते अर्धंच खरं आहे. छोट्या हॉलमधे गिटारचे ॲम्प्स आणि ड्रम्स स्वतःच एवढे मोठे वाजतात की ते स्पीकरमधे फारसे टाकायची गरज नसते, त्यामुळे मिक्सरच्या टेपवर गाण्याचा आवाज पुढे आणि गिटार मागे, आणि आजूबाजूची हवा अजिबात नाही. त्याच रात्रीची माइकवाली टेप लावली तर सगळं जागच्या जागी असतं आणि शिवाय लोकांचा तो हुंकार, जो बँडला पुढे ढकलत असतो. डेडने ऑक्टोबर १९८४ पासून टेप करणाऱ्यांना बसायला वेगळी जागाच दिली, त्यामुळे ऐंशीच्या दशकातली कितीतरी ऑडियन्स रेकॉर्डिंग मी कोरड्या साउंडबोर्डच्या आधी निवडते. सत्तरच्या दशकात उलट, डेडची साउंड इंजिनिअर बेटी कँटर-जॅक्सनने केलेल्या टेप्स मिळाल्या तर बाकी काही बघू नका, बार्टन हॉलची गाजलेली टेप तिचीच, आणि तिच्या हातच्या मिक्समधे बेसची प्रत्येक तार वेगळी ऐकू येते.

मॅट्रिक्स चांगली असेल तर दोन्हीचं सुख देते, पण जोडणाऱ्याने नीट जुळवलेली हवी. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे माइक स्टेजपासून ३४ मीटरवर असेल तर तिथे सगळं एक दशांश सेकंद उशिरा पोचतं, आणि तेवढं सरकवून घेतलं नाही तर स्नेअर ड्रमचा प्रत्येक ठोका दुहेरी ऐकू येतो. ठोका दुहेरी वाटला की ती टेप बंद करा, कान दुखेल.

रेकॉर्डिंगच्या खाली जो लिहिलेला मजकूर असतो तो वाचा, आळस करू नका. त्यात टेप कुठून कुठे आली ते असतं, मास्टर म्हणजे मूळ कॅसेट, मग डॅट म्हणजे डिजिटल टेप, मग फ्लॅक म्हणजे आवाज न घटवणारी फाइल, वगैरे. मधे कॅसेटच्या कॉपीची कॉपी जितकी कमी तितकी खरखर कमी. मधे कुठे एमपीथ्रीची पायरी असेल तर ती टेप सोडा, फाइल लहान करताना तिथे जे गेलं ते परत येत नाही. कॅसेट बदलताना जॅम तुटलाय का तेही तिथे लिहिलेलं असतं, नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची आणि बँड काही त्या हिशोबाने वाजवत नव्हता, पण चांगल्या ट्रान्सफरमधे तो तुकडा दुसऱ्या टेपवरून आणून भरलेला असतो. गाणारा नेहमीपेक्षा बारीक आवाजात आणि घाईत वाटला तर टेपचा स्पीड चुकलाय, दुसरं सोर्स बघा. रिव्ह्यू वाचताना स्टार बघू नका, जवळपास सगळ्यांना भरपूर असतात, ज्याने मिनिट सांगून लिहिलंय त्याचं वाचा.

निवडायची माझी पद्धत साधी आहे, सगळ्या सोर्सेसमधे एकाच गाण्याची तीच तीस सेकंदं, हेडफोनवर, लागोपाठ. बेस ऐकू येतोय का, दोन गिटार वेगळ्या कळतायत का, माइकजवळ कोणी बोलत किंवा टाळ्या पिटत नाही ना, बस. पाच मिनिटांचं काम आहे आणि पुढचे तीन तास त्याने सुखाचे जातात.

ऑफिशियल रिलीज कधी घ्यायचं? डेडच्या जुन्या शोंच्या डिक्स पिक्स या ऑफिशियल मालिकेचे ३६ भाग आहेत, आवाज चांगला पण बरेच शो त्यात अर्धे किंवा कापलेले, २०१२ पासूनच्या डेव्ह्ज पिक्स या पुढच्या मालिकेत बहुतेक पूर्ण शो मिळतो. १९७२ चा युरोप दौरा १६ ट्रॅकवर, म्हणजे वाद्यं वेगवेगळी घेऊन, टेप झालेला, तो शक्य असेल तर ऑफिशियलच ऐका, फरक खूप आहे. आणि २७ ऑगस्ट १९७२ चा ऑरेगनमधल्या वेनेटाचा शो, भर उन्हातला, उष्णतेने गिटार ट्यूनमधे राहत नव्हत्या आणि तरी त्या दिवशीचा अर्ध्या तासाचा 'डार्क स्टार' ऐकून मी खोलीतला दिवा लावायला विसरले होते, २०१३ मधे तो व्यवस्थित निघालाय. फिशचं लाइव्हफिशवर २००२ च्या शेवटच्या रात्रीपासून प्रत्येक शोचं साउंडबोर्ड विकत मिळतं, फुकट ऑडियन्स टेप्ससाठी फिश डॉट इन.

डाउनलोडचं एक लक्षात ठेवा. अर्काइव्हवर डेडचे साउंडबोर्ड २००५ च्या शेवटापासून फक्त ऐकता येतात, उतरवता येत नाहीत, ऑडियन्स रेकॉर्डिंग मात्र उतरवता येतात. आवडलेली ऑडियन्स टेप फ्लॅकमधे उतरवून ठेवा, सोबतचा मजकुराचा फाइलसुद्धा, आणि एका वहीत तारीख, गाणं, मिनिट आणि सोर्सचा नंबर लिहा, कारण सहा महिन्यांनी तुम्हाला तो एक जॅम आठवेल, १९७३ मधला होता एवढंच आठवेल, आणि त्या वर्षी त्यांनी सत्तरच्या वर शो केलेत.