यानावरचा डॉक्टर आणि धोक्याचा प्रयोग : तीन तासांचा सराव कसा घ्यावा

अंतराळयानावरच्या डॉक्टरला दोन बाजूंनी बांधलेलं असतं. समोरचा माणूस त्याचा रुग्ण असतो आणि त्याच माणसावर होणारा प्रयोग मोहिमेच्या कामाचा असतो. अशा वेळी निर्णय कसा करायचा हे भाषण ऐकून येत नाही, हातात कागद आणि समोर घड्याळ असावं लागतं. खाली दिलेला सराव इंदूरमधल्या मराठी वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या आणि विज्ञानप्रेमींच्या गटासाठी बेतलेला आहे. एमजीएम मेडिकल कॉलेजातले चार-पाच विद्यार्थी, एक भौतिकशास्त्राचा शिक्षक आणि रामबागेकडचं एखादं सभागृह एवढ्यावर तो होतो. वार रविवारच धरा, कारण इतर दिवशी एमवाय रुग्णालयाची ओपीडी आणि वॉर्ड सोडून कोणी वेळेवर येत नाही. आणि रंगपंचमीच्या आठवड्यात ठेवू नका, गेरच्या मिरवणुकीमुळे राजवाड्याच्या बाजूनं येणं अवघड होतं.

प्रसंग

मंगळाच्या वाटेवर चार जणांचं यान आहे. कॅबिनचा दाब 14.7 पीएसआय (म्हणजे दर चौरस इंचावर तितके पौंड), हवा पृथ्वीसारखी. बाहेर जाण्याच्या सूटमध्ये मात्र 4.3 पीएसआय दाबाचा शुद्ध ऑक्सिजन असतो, कारण सूट त्याहून जास्त फुगवला की बोटं आणि कोपर वाकवणं जड जातं. या उतरत्या दाबामुळे शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, म्हणजेच बेंड्स होतो. तो टाळायला बाहेर पडण्याआधी चार तास शुद्ध ऑक्सिजन घ्यायचा, असा यानाचा नियम आहे.

कमांडरचं म्हणणं : थंडाव्याचा मुख्य पंप बाहेरच्या बाजूला आहे. तो बंद पडला तर तीन तासांत आतलं तापमान असह्य होईल, मग चार तासांचा नियम काय कामाचा? म्हणून इंजिनिअरला फक्त दोन तास ऑक्सिजन देऊन बाहेर पाठवून बघू या. निभावलं तर संकटात हाच रस्ता धरता येईल. इंजिनिअर तयार आहे. डॉक्टरची सही हवी.

कमांडरचं हे कारण खरं आणि वजनदार ठेवा. त्याला खलनायक केलंत की सराव संपला, कारण मग डॉक्टरला नाही म्हणणं फार सोपं होतं. इथं नाही म्हणण्यालाही किंमत आहे आणि ती चौघांच्या जिवाची आहे.

सामान आणि माणसं

एक मोठं टेबल, भिंतीवरचं घड्याळ, दोन मोबाइल, कोरे कागद, सहा बंद पाकिटं. माणसं पाच : डॉक्टर, इंजिनिअर, कमांडर, पृथ्वीवरचा डॉक्टर आणि सराव चालवणारा संचालक. यानावरच्या चौथ्याला बोलायचं काम नाही, तो फक्त नोंदी लिहितो. जास्तीचं माणूस असलं तर तिथं बसवा. पृथ्वीवरच्या डॉक्टरच्या जागी शक्यतो भूलतज्ज्ञ बसवा, वायूंच्या दाबाचं गणित त्यांच्या बोटांवर असतं. त्यांना दुसऱ्या खोलीत बसवायचं. पृथ्वी आणि मंगळ यांच्यातला संदेश एका बाजूनं साधारण 3 ते 22 मिनिटं घेतो. आपण 8 धरतो. संचालक चिठ्ठी हातात घेऊन मोबाइलवर 8 मिनिटं लावतो आणि वाजल्यावरच पुढे देतो. लवकर देऊ नका, कोणी कितीही डोळे वटारले तरी.

चर्चा मराठीत सुरू होईल आणि तापली की हिंदीत जाईल. इंदुरात ते चालायचंच.

पहिली 40 मिनिटं : गणित

कोणी मत मांडण्याआधी आकडा काढून घ्या. 14.7 पीएसआय हवेत 79 टक्के नायट्रोजन, म्हणजे शरीरात सुमारे 11.6 पीएसआय नायट्रोजन मुरलेला. ऑक्सिजन घेताना तो हळूहळू निघतो. बेंड्सच्या हिशेबासाठी शरीराचा असा संथ भाग धरतात, की त्यातला अर्धा नायट्रोजन निघायला 360 मिनिटं लागतात. उरलेला नायट्रोजन भागिले सूटचा दाब हे गुणोत्तर बघायचं, ते जितकं मोठं तितका धोका जास्त.

ऑक्सिजन न घेता : 11.6 ÷ 4.3 = 2.7
चार तासांनी : 7.3 ÷ 4.3 = 1.7
दोन तासांनी : 9.2 ÷ 4.3 = 2.1

उरलेला भाग काढायला 0.5 चा घात घ्यायचा, घातांक मिनिटं भागिले 360. मोबाइल आडवा धरला की बहुतेक कॅल्क्युलेटरमध्ये घाताची कळ दिसते. इथं हमखास होणारी चूक म्हणजे सरळ त्रैराशिक : 360 मिनिटांत निम्मा, तर 120 मिनिटांत एक षष्ठांश. त्यानं 9.7 येतं. फरक लहान दिसतो, पण याच हिशेबानं 720 मिनिटांत नायट्रोजन शून्य होतो, जे कधीच होत नाही. गटातल्या एकाला 720 करायला सांगा, चूक आपोआप दिसते.

2.1 म्हणजे बेंड्सची टक्केवारी नव्हे. 1.7 च्या तुलनेत आपण कुठल्या दिशेला आणि किती सरकलो एवढंच तो सांगतो. जाता जाता : इंदूर सुमारे 550 मीटर उंचीवर आहे, इथला हवेचा दाब 13.8 पीएसआयच्या आसपास. टेबलाभोवती बसलेल्यांच्या शरीरात 11.6 ऐवजी 10.9 नायट्रोजन आहे. विद्यार्थ्यांना स्वतःचा आकडा काढायला लावला की सूत्र पक्कं बसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न टाका, तो गटाकडून आपणहून क्वचितच येतो : हा प्रयोग यशस्वी झाला तर आपल्याला नक्की काय कळेल? समजा दोन तासांच्या पद्धतीत तिघांतल्या एकाला बेंड्स होतो. म्हणजे एका माणसावर एकदा करून बघितलं तर तीनपैकी दोन वेळा काहीच होणार नाही आणि सगळे म्हणतील, पद्धत सुरक्षित आहे. म्हणजे इंजिनिअरच्या शरीरावरचा धोका पुरेपूर खरा, पण त्या बदल्यात मिळणारं उत्तर जवळजवळ पोकळ. डॉक्टरनं इथं पाय रोवायला हवा. धोका किती आहे याइतकाच, त्या धोक्यातून ज्ञान किती मिळतं हा वैद्यकीय प्रश्न आहे.

ऑक्सिजनचा वेळ कमी करणं प्रत्यक्षात जमलेलं आहे, आणि ते कसं जमलं हे गटाला सांगाच. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकासाठी व्यायामासह दोन तासांची पद्धत आधी जमिनीवरच्या दाब-कक्षांत अनेक स्वयंसेवकांवर तपासली गेली. मर्यादा आधीच लिहिलेल्या होत्या : बेंड्स 15 टक्क्यांपेक्षा जास्त नको, रक्तात सर्वाधिक श्रेणीचे बुडबुडे 20 टक्क्यांपेक्षा जास्त जणांत नकोत, आणि मज्जासंस्थेचा किंवा छातीचा गंभीर बेंड्स एकही नको. जुलै 2001 मध्ये स्थानकाच्या क्वेस्ट एअरलॉकमधून, म्हणजे बाहेर पडण्याच्या कक्षातून, ती प्रथम वापरली गेली. व्यायामानं स्नायूंकडे रक्त जास्त जातं आणि नायट्रोजन लवकर निघतो, म्हणून ते दोन तास आपल्या प्रसंगातल्या दोन तासांसारखे नाहीत. शिवाय जमिनीवरच्या कक्षात माणूस आजारी पडला तर उपचार हाताशी होते. यानावर ते नाहीत.

पुढची 30 मिनिटं : संमती

डॉक्टर आणि इंजिनिअर, दोघंच, दार लावून. माणसांवरच्या वैद्यकीय प्रयोगांच्या नीतीविषयीच्या 1964 च्या हेलसिंकी जाहीरनाम्यानुसार स्वयंसेवकाला कधीही माघार घेण्याचा हक्क आहे, पण ज्या कमांडरबरोबर पुढचे सात महिने एका ताटावर बसायचं त्याच्यासमोर तो हक्क वापरणं सोपं नसतं. डॉक्टरनं असं विचारावं : "तू नाही म्हणालास तर उद्या सकाळी काय बदलेल?" उत्तर "काही नाही, दुसरा मार्ग शोधू" असं आलं तर पुढे जा. "सर नाराज होतील" किंवा "मग मी भित्रा ठरेन" असं आलं तर ती संमती धरू नका. नंतर दहा मिनिटांचा विराम द्या, ती यानावरची एक रात्र समजा, आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा.

याच वेळी पाकीट 1 उघडा : इंजिनिअरच्या गुडघ्याच्या लिगामेंटची जुनी शस्त्रक्रिया झालेली आहे, थंडीत दुखतो. मग पाकीट 2 : हृदयाच्या दोन वरच्या कप्प्यांतलं जन्मापासूनचं छिद्र बंद झालंय का, हे कधी तपासलेलं नाही. साधारण चारातल्या एका प्रौढात ते उघडं असतं, आणि त्यातून बुडबुडे फुप्फुसात गाळले न जाता मेंदूकडे जाऊ शकतात. यानावर अल्ट्रासाउंड आहे. डॉक्टरनं तपासणी मागितली तर संचालकानं नाणं दोनदा उडवावं, दोन्हीदा छापा आला तर छिद्र उघडं. मागितलीच नाही तर काही बोलू नये.

इथं एखादा डॉक्टर म्हणतोच, "त्याच्याऐवजी मी जातो." भावना मोठी आहे. जॉन स्टॅप या डॉक्टरनं 10 डिसेंबर 1954 रोजी रॉकेटच्या गाडीवर स्वतःला बांधून ताशी 632 मैलांचा वेग आणि त्यानंतरचा जबर ब्रेक सोसला. पण त्याच्याभोवती जमिनीवर अख्खं वैद्यकीय पथक होतं. यानावर डॉक्टर एकच आहे. त्याला बेंड्स झाला तर रुग्णही तोच आणि उपचार करणाराही तोच. ही सूचना नम्रपणे, पण ठामपणे मोडून काढा.

20 मिनिटं : थांबण्याच्या अटी

डॉक्टरनं सही केली तरी किंवा अडवली तरी हा कागद लिहायचाच. प्रयोग सुरू झाल्यावर लिहिलेल्या अटी अटी राहत नाहीत, सौदा होतो. कागदावर निदान एवढं हवं : सांध्यात नवीन किंवा वाढलेलं कोणतंही दुखणं, त्वचेवर खाज किंवा संगमरवरी डाग, मुंग्या, चक्कर, अंधुक दिसणं, खोकला किंवा धाप, यांपैकी एक जरी लक्षण आलं तरी परत. दुसऱ्या लक्षणाची वाट नाही. परत बोलावण्याचा अधिकार डॉक्टरचा, आणि तो वापरायला कमांडरची परवानगी लागत नाही. इंजिनिअरलाही कारण न सांगता परत येता येईल.

परत आल्यावर काय करायचं तेही लिहा : लगेच कॅबिनचा दाब, शुद्ध ऑक्सिजन चालू ठेवणं, भरपूर पाणी, आणि ताकद, स्पर्श, तोल, नजर यांची तपासणी पुन्हा पुन्हा. उंचीवरचा बेंड्स बऱ्याचदा दाब पूर्ववत झाल्यावर ओसरतो, पण ओसरला म्हणून ऑक्सिजन लगेच काढायचा नाही.

45 मिनिटं : प्रयोग

सही नाकारली गेली असली तरी हा भाग घ्या, "पंप खरंच बंद पडला आणि पाठवावंच लागलं" असं गृहीत धरून. ऑक्सिजनचे दोन तास एका वाक्यात उरका, पण त्यात पाकीट 3 असू द्या : इंजिनिअरनं मास्क दहा मिनिटं काढला होता. श्वासाबरोबर नायट्रोजन परत शिरतो, म्हणून आपल्या सरावात काढलेल्या वेळेच्या दुप्पट भरपाई. वीस मिनिटं वाढवायची की नाही, डॉक्टरनं ठरवावं.

बाहेर पडल्यापासून घड्याळ खरं चालतं. दहाव्या मिनिटाला इंजिनिअर पाकीट 4 वाचतो : "गुडघा जरा आखडलाय. जुनंच आहे, चालेल." पंधराव्या मिनिटाला कमांडर पाकीट 5 : "चार बोल्ट उरलेत. वीस मिनिटं दे." बहुतेक डॉक्टर इथं पृथ्वीला विचारतात. प्रश्न जायला 8 आणि उत्तर यायला 8, अशी 16 मिनिटं जातात. संचालकानं काहीही मदत करू नये. ज्यांनी कागदावर "नवीन किंवा वाढलेलं" असं लिहिलं ते "वाढलंय का?" हा एक प्रश्न विचारून निर्णय करतात. ज्यांनी नुसतं "सांधेदुखी" लिहिलं ते जुनं-नवीनच्या वादात अडकतात.

सोयीचं कारण किती महाग पडतं याचं खरं उदाहरण इथं शोभतं. 9 जुलै 2013 रोजी अंतराळ स्थानकाबाहेरून परतलेल्या अंतराळवीर लुका पार्मितानोच्या हेल्मेटमध्ये पाणी आढळलं. पिण्याची पिशवी गळली असेल असं मानलं गेलं. 16 जुलैला तोच सूट घालून तो पुन्हा बाहेर गेला आणि सूटच्या थंडाव्याच्या व्यवस्थेतलं लिटरभराहून जास्त पाणी नाका-डोळ्यांपर्यंत चढलं. तो कसाबसा आत पोहोचला. "जुनाच गुडघा" हे वाक्य "पिशवीच असेल" याच जातीचं आहे.

40 मिनिटं : उलगडा

पाकीट 6 म्हणजे निकाल, पण उघडण्याआधी प्रत्येकानं निर्णय योग्य होता का हे लिहून द्यायचं. निकाल नाण्यावर ठरतो, हे त्यानंतरच सांगा. अपोलो 13 या चांद्रमोहिमेच्या उड्डाणाला तीन दिवसही उरले नसताना अंतराळवीर केन मॅटिंग्लीला उतरवलं गेलं. त्याचा रुबेलाशी (जर्मन गोवराशी) संपर्क आला होता आणि त्याच्याकडे प्रतिकारशक्ती नव्हती. त्याला रुबेला झालाच नाही. तरी निर्णय बरोबरच होता, असं आमचं स्पष्ट मत आहे, कारण त्या दिवशी हाती असलेल्या माहितीवर तोच बसत होता.

आमच्या मते या प्रसंगात डॉक्टरनं सही नाकारावी, पण तिथंच थांबू नये. कमांडरचा प्रश्न सुटायला हवा. दुसऱ्या फेरीत हे पर्याय आकड्यांसह द्या : तीन तास ऑक्सिजन घेतला तर 8.2 ÷ 4.3 = 1.9, पण तेवढ्यात पंपाची मुदत संपते. दोन तासांत व्यायाम घातला तर मदत होते, पण किती ते आपल्या सूत्रातून निघत नाही. अख्ख्या यानाचा दाब 10.2 पीएसआय आणि ऑक्सिजन 26.5 टक्के ठेवला तर शरीर त्या हवेला सरावल्यावर नायट्रोजन 7.5 उरतो, गुणोत्तर 1.74, तेही आणीबाणी येण्याआधीच. या शेवटच्या पर्यायात ऑक्सिजनचं प्रमाण वाढल्यानं आगीचा धोका वाढतो आणि पंख्यांनी थंड होणारी उपकरणं विरळ हवेत जास्त तापतात, तेव्हा ती यादी कमांडरकडून मागवून घ्या आणि डॉक्टर-कमांडरच्या जागा बदलून पुन्हा सुरू करा.