बॉइलिंग पॉइंट कुणाचा जास्त, ओळखायचं कसं?
आधी एक डोक्यात पक्कं करा, उकळताना रेणू तुटत नाही, फक्त एकमेकांपासून सुटतो. म्हणजे बघायचं काय तर रेणू एकमेकांना किती घट्ट धरून आहेत. इथेनॉल आणि डायमिथाइल ईथर, फॉर्म्युला एकच, पण इथेनॉलमध्ये हायड्रोजन बाँडिंग (एका रेणूच्या O-H मधला हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे जोरात ओढला जाणं) आहे म्हणून ते 78 अंश सेल्सिअसला उकळतं आणि ईथर उणे 24 लाच. तसं काही नसेल तर आकार बघा, कार्बनची लांब साखळी म्हणजे जास्त, फाटे फुटले की कमी: सरळ साखळीचं पेंटेन 36, त्याच फॉर्म्युल्याचं पण फाटे फुटलेलं निओपेंटेन साधारण 9.5.

पण मेल्टिंगला हाच नियम लावू नका हं, बरेच जण इथेच चुकतात! निओपेंटेन गोलसर, सिमेट्रिकल, स्फटिकात छान बसतं, म्हणून ते उणे 17 च्या आसपास वितळतं आणि पेंटेन थेट उणे 130 ला.