माळा आवरताना काच आणि ट्यूब वेगळ्या ठेवा

दिवाळीआधी माळ्यावरचं सामान उतरवलं की सगळं एकाच पोत्यात कोंबायचा मोह होतो. तो टाळा. रद्दी कोरडी ठेवा. भिजली की रद्दीवाला ती घेत नाही. धडके कपडे बोहारणीला, मऊ सुती साड्या गोधडीला. बंद पडलेला मिक्सर, चार्जर, वायरी ई-कचरा संकलनात द्या.

खरी काळजी घ्यायची ती फुटक्या काचेची. पुण्यात ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक ताई दारोदार कचरा घेतात आणि तो हातांनी निवडतात. पिशवीतली एक कपची तळहात चिरते. म्हणून काच वर्तमानपत्राच्या चार-पाच थरांत गुंडाळा, पुठ्ठ्याच्या खोक्यात घाला, वर ठळक ‘काच’ लिहा आणि देताना तोंडानेही सांगा.

जुन्या ट्यूबलाइट, सीएफएल बल्ब आणि काचेच्या थर्मामीटरमध्ये पारा असतो. ते अखंड ठेवून घातक कचरा म्हणून वेगळे द्या. सीएफएल फुटलाच तर झाडू मारू नका. खिडक्या उघडून दहा मिनिटं खोलीबाहेर थांबा, मग जाड कागदाने तुकडे उचला, बारीक चुरा चिकटपट्टीने टिपा आणि झाकणाच्या बरणीत भरा.