लेह-स्पितीला निघताय? स्टेपनी आणि पंक्चर किटचं आधी बघा

मनालीहून लेहला जाताना केलाँगच्या थोडं अलीकडे टांडीचा पेट्रोल पंप लागतो, तिथला बोर्ड सगळ्यांना माहितीये, पुढचा पंप ३६५ किमीवर. तो वाचून लोक कॅन भरून घेतात पण टायरचा विचार तेवढा होत नाही. सारचू, पांगला सीझनमध्ये तंबूवाले धाबे असतात, एखादा पंक्चर काढणारा भेटतोही, पण मोरे प्लेन्सच्या उघड्या पठारावर मधोमध चाक बसलं तर रेंज नाही आणि हाकेला माणूस नाही. स्पितीकडे ग्रांफू ते बातल आणि वर कुंझुम खिंडीपर्यंत (४५५१ मीटर) तर नुसते दगडगोटे आणि नाले. म्हणून माझं एकच कळकळीचं सांगणं आहे, सामान काय घ्यायचं ते खाली लिहितोच, पण निघायच्या आधी पार्किंगमध्ये एकदा स्वतःच्या हाताने चाक काढून बसवा, आणि तेही फक्त त्याच सामानाने जे तुम्ही सोबत नेणार आहात.

आधी कारवाल्यांसाठी. बूट उघडून स्टेपनी आहे का ते बघा, खरंच बघा, कारण २०२० मध्ये नियम बदलला आणि टायर प्रेशर दाखवणारी सिस्टीम आणि ट्यूबलेस रिपेअर किट दिलं असेल तर कारमध्ये स्टेपनी नसली तरी चालते. काही गाड्यांत स्पेस सेव्हर, म्हणजे तात्पुरतं वापरायचं बारीक चाक असतं, त्याच्यावर ८० चा स्पीड लिमिट लिहिलेला असतो, डांबरी रस्त्यावर ठीक आहे पण बातलच्या रस्त्यावर त्याच्या भरवशावर जाऊ नये. किटमधलं सीलंट खिळ्याच्या भोकाला चालतं, टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, दगडाने चिरली तर त्याचा काही उपयोग नाही, आणि तिकडे चिरण्याचंच प्रमाण जास्त. त्यामुळे पूर्ण साइजची स्टेपनी हवीच, दोन-तीन गाड्यांचा ग्रुप असेल आणि टायर साइज आणि नटाची होल्स सारखी असतील तर मध्ये एक जास्तीची, रिमसकट. नुसता टायर नेऊन फायदा नाही, रस्त्यात तो रिमवर चढवणार कसा? कॅरिअरवर बांधणार असाल तर गाडीच्या मॅन्युअलमध्ये रूफ लोड किती दिलाय ते बघा, मोठ्या एसयूव्हीचं चाक पंचवीस-तीस किलोच्या घरात जातं.

आता घरी चाक काढताना काय काय कळतं ते सांगतो. टायरच्या दुकानात नट गनने इतके आवळलेले असतात की गाडीसोबत आलेला छोटा पाना त्यांना हलवतच नाही, मग लांब दांड्याचा पाना किंवा पान्यावर चढेल असा पाइप घ्यावा लागतो. अलॉयला लॉक नट असेल तर त्याची चावी कुठल्या कप्प्यात आहे ते तेव्हाच शोधलं जातं. इनोव्हासारख्या गाडीत स्टेपनी खाली लटकवलेली असते, ती खाली सोडायची यंत्रणा चिखलाने जाम होते, ती एकदा सोडून साफ करून तेलपाणी करून ठेवा. स्टेपनीत हवा आहे का तेही बघा, ती कायम विसरली जाते. सोबत जॅकखाली ठेवायला जाडजूड फळी घ्या, नाहीतर मऊ मातीत जॅक खाली जातो आणि गाडी आहे तिथेच. हँडब्रेक, पुढचं चाक काढायचं असेल तर मागच्या चाकांना आणि मागचं असेल तर पुढच्या चाकांना दगड, नट आधी जमिनीवर असतानाच सैल करायचे, मग जॅक. बसवताना नट समोरासमोरचे आवळत जायचे आणि ५० एक किमी गेल्यावर पुन्हा एकदा पाना लावून बघायचा.

ट्यूबलेसला टी-हँडलचं रिमर, सुई, स्ट्रिप (भोकात भरायची चिकट रबरी पट्टी) आणि १२ व्होल्टचा पंप. खिळा दिसला तरी लगेच उपटू नका, सामान मांडा मग उपटा. भोक रिमरने साफ करा, सोल्युशन लावलेली स्ट्रिप सुईसकट आत ढकला, दोन्ही टोकं सेंटिमीटरभर बाहेर राहिली पाहिजेत, मग सुई झटक्यात बाहेर. थुंकी किंवा साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा.

बाइकवाल्यांचं काम जास्त अवघड आहे. हिमालयन, क्लासिक यांच्या स्पोकच्या चाकात बहुतेक वेळा ट्यूब असते, म्हणजे स्ट्रिपचं किट तिथे काहीच कामाचं नाही, तरी लोक तेच घेऊन निघतात! पुढची-मागची अशा दोन्ही नव्या ट्यूब घ्या. जागा अगदीच नसेल तर हिमालयनची पुढची २१ इंची ट्यूब मागच्या लहान रिममध्ये घालून गावापर्यंत जाता येतं, फक्त जमेल तेवढं हळू. टायर लिव्हर (टायर रिमवरून उचकटायच्या पट्ट्या) तीन, ॲक्सलच्या नटाला नीट बसणारा पाना (घरी लावून बघितलेला), व्हॉल्व्ह काढायचं टूल, पॅच, सोल्युशन, काचपेपर, पंप आणि शाम्पूच्या दोन-चार पुड्या.

शाम्पू टायरच्या काठाला लावायला, पाण्यात कालवून, त्याने काठ पटकन सरकतो. हवा पूर्ण काढल्यावरही काठ रिमला चिकटून बसतो, तेव्हा चाक आडवं टाकून दुसऱ्या बाइकचा साइड स्टँड टायरवर टेकवा आणि बाइक त्या बाजूला कलवा, फटकन सुटतो. ट्यूब बाहेर काढली की आधी टायरच्या आत फडकं फिरवा, काटा किंवा तार फडक्यात अडकते, ती तशीच राहिली तर नवी ट्यूबही जाणार. ट्यूबला दोन भोकं शेजारी-शेजारी दिसली तर खिळा शोधू नका, हवा कमी होती आणि दगडावर रिमने ट्यूब चिमटली. नवी ट्यूब थोडी हवा भरून गोल करून घाला. टायर चढवायला व्हॉल्व्हच्या समोरून सुरुवात, शेवट व्हॉल्व्हपाशी, आणि शेवटच्या वीतभर भागाला लिव्हर लावताना व्हॉल्व्ह आत ढकलून धरा कारण बहुतेक नव्या ट्यूब तिथेच लिव्हरखाली फाटतात. तो भाग ताकदीने चढवायचा नाही, समोरची बाजू गुडघ्याने रिमच्या खोलगट भागात दाबून धरली की आपोआप ढिला पडतो.

पॅच शक्यतो मुक्कामी लावा. थंडीत सोल्युशन सुकायला वेळ लागतो आणि ओल्यावर पॅच लावला तर तो सुटतो.

हवेबद्दल खूप जण विचारतात की उंचीवर कमी करायची का. वर बाहेरचा दाब कमी म्हणून गेजवर आकडा वाढतो आणि थंडीने तो परत खाली येतो, खाली मैदानात ३० डिग्रीला ३२ पीएसआय भरली असेल तर ४५०० मीटरवर शून्य डिग्रीला साधारण ३३-३४ दिसेल. म्हणजे रोज सकाळी निघण्याआधी, टायर थंड असताना, स्वतःच्या गेजने बघा, एवढं पुरे.

बाइक ट्रेनने पाठवून स्वतः विमानाने जाणाऱ्यांनी सोल्युशनची ट्यूब बॅगेत टाकू नये, ते पेट घेणारं असतं, एअरपोर्टवर काढून घेतात. चंदीगडला किंवा मनालीला नवी घ्या, घरची उघडलेली जुनी ट्यूब तशीही आतून सुकलेली निघते.