हाडात पांढरे ठिपके: एक्स-रे हातात आल्यावर या चुका टाळा

आमच्या मिरज-सांगली पट्ट्यात एक्स-रेला एक्स-रे म्हणणारी माणसं कमीच. ‘फोटो काढायचाय’ म्हणतात. असे फोटो काढण्यात माझी वीसेक वर्षं गेली. मी टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. रिपोर्ट लिहिणं रेडिओलॉजिस्टचं काम आणि उपचार ठरवणं हाडाच्या डॉक्टरांचं. पण फिल्म सगळ्यात आधी माझ्यासमोर उघडते आणि ती घेऊन गेलेली माणसं पुढं कुठं कुठं भरकटतात हेही कानावर येतं. त्यातलंच थोडं लिहितोय.

मागं एका गळीत हंगामात तासगावकडचे एक आप्पा आले. पन्नाशीचे. उसाच्या ट्रॉलीवरून उतरताना घसरले, खुब्यावर पडले, गावाजवळ फोटो काढला. फ्रॅक्चर नव्हतं. पण खुब्याच्या गोळ्यात, वाटीत आणि मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला पांढरे ठिपके पसरलेले, अंगणात शाळूचे दाणे सांडावेत तसे. रिपोर्टात इतर ओळींच्या खाली एक ओळ होती: मेटास्टेसिसची, म्हणजे दुसरीकडचा कॅन्सर हाडात पसरल्याची, शक्यता नाकारता येत नाही. पोरानं एसटीत बसल्या बसल्या तो शब्द मोबाईलवर शोधला. संध्याकाळपर्यंत घरात रडारड. थोरला म्हणे पुण्याला न्यायचं, धाकटा म्हणे मुंबईला. आप्पा तेवढे शांत. मला म्हणाले, “साहेब, मला तर काय बी हुईत न्हाई. पडल्यालं दुखतंय तेवढंच.”

त्यांना होता ऑस्टिओपोइकिलोसिस, म्हणजे हाडात जन्मजात दोषामुळं घट्ट हाडाचे निरुपद्रवी पांढरे ठिपके असणं. साधारण पन्नास हजारांत एखाद्याला असतो असं पुस्तकात सापडतं. बहुतेकांना आयुष्यभर कळतही नाही, कारण त्रासच नसतो. कळतो तो असाच, पडल्यावर किंवा मुरगळल्यावर काढलेल्या फोटोत.

आधी ठिपका खरा आहे का ते बघा

पहिली चूक माझीच सांगतो. नवीन होतो, कॅसेट (फिल्म ठेवायची चपटी पेटी) आणि डार्करूमचे दिवस होते. एका बाईच्या मनगटाच्या फिल्मवर पांढरे ठिपके उठले. कॅसेटच्या स्क्रीनवर धूळ बसली की फिल्मवर अगदी असेच पांढरे डाग येतात, त्यामुळे मला शंकाही आली नाही. स्क्रीन पुसली, पुन्हा फोटो. ठिपके तिथंच. कॅसेट बदलली, पुन्हा फोटो. तरी तिथंच. बाईला तीनदा किरण दिले तेव्हा कुठं लक्षात आलं की डाग कॅसेटवर नाही, हाडात आहे. धुळीचा डाग कॅसेटच्या एकाच जागी राहतो, हात हलवला तरी तो हलत नाही. हाडातला ठिपका हाडाबरोबर सरकतो. दुसऱ्या कोनातून एक फोटो घेतला असता तर तिथंच उलगडा झाला असता.

दुसरी गफलत मांसातल्या ठिपक्यांची. कुल्ल्यात वर्षानुवर्षं सुया टोचून घेतलेल्यांच्या मांसात खडूसारखे गोळे जमतात. ओटीपोटाच्या शिरांतही बारीक गोल खडे असतात. फीतकृमीच्या अळ्या स्नायूत मरून चुनखडल्या की तांदळाच्या लांबट दाण्यांसारख्या दिसतात, त्याही स्नायूच्या रेषेत ओळीनं. समोरून काढलेल्या एकाच फोटोत हे सगळं हाडावर येऊन बसतं आणि हाडातलंच वाटतं. कपड्यावरची टिकली, गळ्यातलं डोरलं, मांडीवर थापलेला लेप यांचीही सावली पडते. लेप पुसून या म्हटलं की काही लोक रागावतात. रागावू देत.

ठिपके किती आहेत ते मोजू नका, कुठं आहेत ते बघा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे. ऑस्टिओपोइकिलोसिसचे ठिपके लहान, गोल किंवा लांबट, बहुतेक २ ते १० मिलिमीटरचे. ते सांध्यांभोवती गोळा झालेले असतात: खुबा, गुडघ्याच्या वरखालची टोकं, खांदा, मनगटाची आणि पावलाची छोटी हाडं. आणि दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखे असतात. बरगड्या, मणके आणि कवटी सहसा स्वच्छ.

शरीरात दुसरीकडं असलेला कॅन्सर हाडात पसरतो तेव्हा चित्र बहुधा उलटं असतं. मणके, बरगड्या, कंबरेची हाडं इथं तो आधी घर करतो. डावं-उजवं असा हिशेब तो पाळत नाही. डाग लहानमोठे, वेडेवाकडे. पुरुषांत प्रोस्टेटचा आणि बायकांत स्तनाचा कॅन्सर असे पांढरे डाग करतो, म्हणून डॉक्टर त्या दिशेनं चौकशी करतात. ती करू द्या.

आप्पांच्या बाबतीत घोटाळा झाला तो इथंच. फोटो एका खुब्याचा, तोही अर्धाच, आणि चिठ्ठीवर लिहिलेलं एवढंच: पडले आहेत. वय, आधीचे आजार, वजन घटलंय का, लघवीचा त्रास आहे का, यातलं काहीच नाही. अशा चिठ्ठीवर रिपोर्ट लिहिणारा सावध ओळ लिहिणारच. त्याला मी दोष देत नाही, त्याच्या हातात तेवढंच होतं. आमच्याकडच्या डॉक्टरांनी दोन्ही खुबे, दोन्ही मनगटं, एक गुडघा आणि छातीचा फोटो मागवला. मनगटांत तेच दाणे, दोन्हीकडं जोडीनं. बरगड्या कोऱ्या. रक्तातलं कॅल्शियम, अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडातल्या घडामोडीवर वाढतं ते), पीएसए (प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी बघतात ते) सगळं जागेवर. बोन स्कॅनही केला, म्हणजे शिरेत औषध टोचून सगळ्या हाडांचं चित्र घेतलं, घरच्यांच्या जिवाला स्वस्थता म्हणून. या आजारात बोन स्कॅन बहुतेक वेळा नॉर्मल येतो. पसरलेल्या कॅन्सरचे पांढरे डाग मात्र स्कॅनमध्ये सहसा काळेकुट्ट उमटतात.

चित्र इतकं ठसठशीत असेल तर सुई घालून हाडाचा तुकडा काढायची, म्हणजे बायोप्सीची, घाई नको. तपासणीत निघतं ते साधं, घट्ट, निरोगी हाडच.

पण उलटी चूकही होते आणि तीही तितकीच वाईट. नेटवर ‘निरुपद्रवी ठिपके’ असं काहीतरी वाचायचं आणि साठीच्या माणसाच्या मणक्यातले नवे डाग त्याच खात्यात टाकून मोकळं व्हायचं. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, घटतं वजन, आधी कधी झालेला कॅन्सर, किंवा जुन्या फोटोत नसलेले डाग नव्यात दिसणं, यातलं एक जरी असलं तरी ‘दुर्मीळ पण साधा आजार’ म्हणून गप्प बसू नका. आणि हा आजार असलेल्यालाही उद्या दुसरा आजार होणार नाही असं थोडंच आहे?

नावात घोटाळा

हा प्रकार मला मनापासून वैताग आणतो. ऑस्टिओपोइकिलोसिस, ऑस्टिओपोरोसिस, ऑस्टिओपेट्रोसिस. डॉक्टर घाईत एक म्हणतात, घरी पोचेपर्यंत त्याचं दुसरं झालेलं असतं. पोरोसिस म्हणजे हाडं विरळ होणं, म्हातारपणी फार बघायला मिळतं. पेट्रोसिस म्हणजे सगळं हाड दगडासारखं पांढरं आणि तरी ठिसूळ. त्याच्या लहान वयात होणाऱ्या प्रकारात जिवावर बेततं. आणि आपला पोइकिलोसिस, ग्रीक शब्द ‘ठिपकेदार’ वरून, या दोघांच्या मानानं गरीब गाय.

भर म्हणजे हॅम्बुर्गचे एक्स-रेचे डॉक्टर आल्बर्स-शोनबर्ग यांनी १९०४ साली दगडी हाडांचा आजार सांगितला आणि १९१५ साली या ठिपक्यांवरही त्यांनीच लिहिलं. त्यामुळं त्यांच्या नावानं शोधलं की पुढ्यात दगडी हाडंच येतात. (या गृहस्थांचा हात किरणांपायी कापावा लागला आणि १९२१ साली ते त्यातच गेले. शिशाचा एप्रन घालायचा कंटाळा करणाऱ्या आमच्या पोरांना मी हे मुद्दाम ऐकवतो.) मिरजेत वानलेस यांचा मिशनचा दवाखाना १८९४ चा आणि रोंटजेन यांना हे किरण सापडले १८९५ च्या नोव्हेंबरात. म्हणजे आमच्या गावची दवाखान्याची सवय किरणांपेक्षा वर्षानं जुनी, पण नावं ऐकण्यातला गोंधळ अजून गेलेला नाही.

नाव चुकलं की उपचारही चुकतो. कुणी पोरोसिस समजून कॅल्शियमच्या गोळ्यांचा रतीब लावतो, कुणी ‘हाडात कॅल्शियम साठलंय’ म्हणून दूध, दही, नाचणी सगळं बंद करतो. दोन्हीचा या ठिपक्यांशी संबंध नाही. ते खाण्यापिण्यानं आलेले नाहीत, पथ्यानं जाणारही नाहीत. २००४ साली यामागचा एलईएमडी-३ नावाचा जनुक सापडला, दोष जन्मजात तिथला. ‘हाडातले खडे विरघळवून देतो’ म्हणणारा कुणी भेटला तर नमस्कार करून पुढं जा. ठिपक्यांमुळं हाड मोडकंही होत नाही, त्यामुळं शेतातलं काम बंद करायची गरज नाही.

मात्र दुखणं प्रत्येक वेळी ठिपक्यांच्या माथी मारू नका. या आजारात काहींना सांधे थोडेफार दुखतात हे खरं. पण गुडघा दुखतोय, ठिपके आहेत, म्हणून ठिपक्यांनीच दुखतोय, हा हिशेब बरोबर नाही. झिज, गादी फाटणं, आमवात हे सगळं ठिपकेवाल्यालाही होतं आणि त्यावर उपचारही आहेत. आप्पांचं दुखणं नुसता मुका मार होता, तीन आठवड्यांत गेलं.

मेणबत्तीचा ओघळ वेगळा

ठिपक्यांऐवजी हाडाच्या कडेनं जाड, पांढरा ओघळ दिसला, जळत्या मेणबत्तीवरून मेण वाहून गोठावं तसा, तर तो वेगळा आजार: मेलोरिओस्टोसिस. १९२२ साली त्याचं वर्णन झालं. नावाचा अर्थच अवयवातून वाहणारं हाड. हा बहुधा एकाच हाताला किंवा एकाच पायाला धरतो. तो दुखतो, सांधा आखडवतो, लहान वयात झाला तर पाय आखूड-लांब होऊ शकतात. बोन स्कॅनमध्ये तो उमटतो. तिथं ‘काही नाही, असू द्या’ म्हणून घरी बसणं चूक, हाडाच्या डॉक्टरांकडं ठरलेल्या वेळी जात राहायचं. क्वचित एकाच माणसात ठिपके आणि ओघळ दोन्ही सापडतात. म्हणून ठिपके एकाच बाजूला दिसले तर तो हात किंवा पाय पूर्ण लांबीचा बघून घ्यावा.

घरच्यांचं काय?

आप्पांच्या थोरल्यानं विचारलं, “आमचे बी फोटो काढायचे का सगळ्यांचे?” आजार आईबापाकडून येतो, प्रत्येक मुलात उतरायची शक्यता निम्मी. पण त्रास नसताना चौघा पोरांना आणि नातवंडांना ओळीनं मशीनखाली उभं करून उपयोग काय? कळलं तरी करायचं काही नाही, आणि किरण फुकटचे. त्यापेक्षा अंगावर लहान, कातडीच्या रंगाचे किंवा पिवळसर टणक पुटकुळ्यांचे पुंजके असतील तर ते त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. हाडात ठिपके आणि कातडीत असे पुंजके ही जोडी बुश्के आणि ओलेनडॉर्फ यांनी १९२८ साली नोंदवली, आजही ती त्यांच्याच नावानं ओळखतात. पुंजकेही निरुपद्रवीच, पण निदानाला आधार होतो.

जुनी फिल्म टाकू नका

फिल्ममध्ये चांदी असते म्हणून भंगारवाला ती उचलतो. उरलेल्या ग्रहण बघायला काढतात, जे डोळ्यांना घातक आहे, बघू नका. दहा वर्षांपूर्वीची एक फिल्म मात्र इथं लाखमोलाची. तेव्हाही तेच ठिपके होते एवढं दिसलं की निम्मी भीती तिथंच जाते. आता डिजिटल आहे, तर सीडी किंवा मूळ फाईल मागून घ्या. खिडकीच्या काचेवर फिल्म धरून मोबाईलनं काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा आणि ‘सांगा काय आहे’ विचारायचं, हे करू नका. बारीक ठिपके त्यात पुसले जातात, नाहीतर काचेवरचे डाग हाडात शिरतात.

शेवटी डॉक्टरांनी आप्पांना लेटरहेडवर तीन ओळी लिहून दिल्या: आजाराचं नाव, कुठल्या सांध्यांत ठिपके आहेत, कोणत्या तारखेच्या फोटोत दिसले. पुढं कधी पडले, मोतीबिंदूच्या आधीच्या तपासणीत कुणी छातीचा फोटो काढला आणि खांद्यात ठिपके दिसले, तर हा कागद आधी पुढं करायचा. आप्पांनी तो आधार कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत घातला. पुढच्या हंगामात धाकट्या भावाला घेऊन आले, त्याचा हात ट्रॉलीच्या फळीत सापडला होता. फोटो निघायच्या आधीच मला म्हणाले, “ह्याच्या बी मनगटात शाळू दिसतोय का बगा.”

दिसत होता.